बांध, थळ आणि कागद : पूर्णेच्या कांठच्या जुन्या शेतसीमा आकाशांतून कशा ओळखाव्या

(१) जुन्या कागदांचा रुमाल हातीं आला म्हणजे संग्राहक त्यांत प्रथम काय शोधतो, हें सर्वांस ठाऊक आहे. राजमुद्रेची सनद, सरदाराचें पत्र, मोहिमेचा उल्लेख असलेली यादी, एवढें बाजूस काढलें जातें. आणि अमुक थळांत अमुकाचे बिघे इतके, पूर्वेस ओढा, दक्षिणेस पाटलाची पासोडी, असें सांगणारे गांवकीचे कागद पुन्हा फडक्यांत बांधून ठेवले जातात. ह्या मागें टाकलेल्या कागदांकडे वाचकांचें लक्ष वेधणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें आणि अलीकडे प्रचारांत आलेली लिडार नांवाची प्रकाश-मोजणी, या दोहोंच्या साहाय्यानें मोडलेल्या शेतसीमा पुन्हा ओळखतां येऊं लागल्या आहेत. परंतु आकाशांतून दिसणाऱ्या रेषेस नांव नसतें, आणि थळझाड्यांतील नांवास जागा नसते. या दोहोंची गांठ पडली तरच रेषेचा इतिहास होतो. ती गांठ कशी घालावी, हें येथें सांगावयाचें आहे.

(२) विवेचन हवेंत राहूं नये म्हणून परभणी जिल्ह्यांतील पूर्णा व तिच्या भोंवतालचा टापू आम्हीं उदाहरणादाखल घेतला आहे. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून आग्नेयेच्या अंगानें वाहत येते व पूर्णा शहराच्या खालीं गोदावरीस मिळते. नद्यांलगतची ही जमीन सपाट, खोल व काळी आहे. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमांकनाप्रमाणें शहराचा भाग ५६ ई/४ या नकाशांत पडतो. अबुल फज्लाच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचें एक सरकार म्हणून ज्या पाथरीचा उल्लेख आहे, ती याच जिल्ह्यांतली. पुढें मोगल अंमल, मग आसफजाही, १९४८ सालीं हैदराबाद संस्थानचें भारतांत विलीनीकरण, १९५६ सालीं मुंबई राज्यांत समावेश आणि १९६० सालीं महाराष्ट्र, अशीं या मुलखाचीं राजकीय स्थित्यंतरें झालीं. जमिनीचा आकार ठरविण्याच्या पद्धतीही त्याबरोबर बदलत गेल्या. म्हणून एकाच शिवारावर अनेक व्यवस्थांचे थर बसलेले असतात.

गांवगाड्याच्या भाषेंत येथील भूमीचे दोन भाग आहेत : वस्तीची ती पांढरी आणि शेताची ती काळी. हा केवळ बोलण्याचा प्रकार नव्हे. चुलींची राख, शेणखळा, पडलेल्या भिंतींची माती शतकानुशतकें सांचून पांढरी बनते. गांव उठून गेलें, तेथें नांगर फिरला, तरी काळ्या रानांत फिकट डाग राहतो. आणि वरून घेतलेल्या चित्रांत तो सर्वांत आधीं नजरेस येतो. महसुली कागदांत अशा उठलेल्या गांवास ‘बेचिराख’ म्हणतात. वस्ती गेली तरी त्याचें नांव व त्याची शीव कागदोपत्रीं चालू राहते. शोधास आरंभ करावयाचा तर अशा गांवापासून करावा. कारण तेथें पांढरीचा डाग, शिवेची रेषा आणि कागदांतील नांव हीं तीन साधनें एकत्र मिळण्याचा संभव अधिक.

(३) शेताची सीमा इतका काळ टिकते कशी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर सोपें आहे. प्रत्येक बांधाचे राखणदार दोन असतात आणि त्यांचें एकमेकांवर बारीक लक्ष असतें. राजा दूर असतो. शेजारी जवळ असतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचें प्रकरण आहे. त्यांत वड, पिंपळ, पळस, सांवरी अशीं झाडें सीमेवर लावण्यास सांगून, शिवाय दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा गुप्त खुणा जमिनींत पुराव्या असें सांगितलें आहे. उघडी खूण कोणी हलवील, हें स्मृतिकारास ठाऊक होतें. मराठी अमदानींतल्या महजरांत व निवाडपत्रांत शिवेचे तंटे वारंवार येतात. गोत बसतें, बलुतेदारांच्या साक्षी होतात, आणि शिवेची माहिती असणारा म्हणून महाराची साक्ष विशेष मानली जाते. एवढा खटाटोप ज्या रेषेसाठीं केला जाई, ती रेषा सहजासहजीं पुसली जात नाहीं.

शेत आणि गांव यांचें जोडलेलें भवितव्यही फार जुन्या लेखांत दिसतें. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरांतील लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यांत पूर्वीं उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंस दिल्याची नोंद आहे. चोविसाव्या वर्षाच्या लेखांत, भिक्षूंस दिलेलें कखडी गांवचें शेत कसलें जात नाहीं व तें गांवही वसत नाहीं, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें दिलीं, असें सांगितलें आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील हें एक बेचिराख गांवच होय. शेताची जागा, त्याचें माप आणि तें ओस पडल्याची वार्ता हीं तीन्ही एका शिलालेखांत आलीं आहेत; आम्हांस हवी ती सामग्री हीच.

मात्र बांध अगदीं अचल असतो असेंही समजूं नये. ‘बांध कोरणें’ हा शब्दप्रयोग मराठींत उगीच रुजला नाहीं. दर नांगरटीस एक तास शेजाऱ्याच्या अंगास सरकवला म्हणजे पन्नास वर्षांत बांध कित्येक हात सरकतो. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत ज्याला धुरा म्हणतात, त्याची जाडी जागोजाग कमीअधिक दिसते ती याच कारणानें. म्हणून जुन्या बांधाची ओळख त्याच्या बोटभर जागेवरून न करतां त्याच्या दिशेवरून व त्याच्या इतर बांधांशीं असलेल्या संबंधावरून करावी.

(४) आकाशांतून शेतें वाचण्याची विद्या इंग्लंडांत पहिल्या महायुद्धानंतर पुढें आली. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हे त्या युद्धांत विमानांतून टेहळणी करणारे अधिकारी होते. पुढें ते तेथील सरकारी नकाशा-खात्यांत पुराणवस्तूंचे अधिकारी झाले. १९२२ सालीं हॅम्पशायर परगण्याचीं विमानचित्रें पाहतांना त्यांस चालू शेतांच्या खालीं लहान चौकोनी शेतांचें दुसरेंच जाळें दिसलें. हीं शेतें रोमन अमलाच्या वेळचीं व त्याहीपूर्वींचीं होतीं. १९२४ सालीं त्यांनीं या विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली, व १९२८ सालीं अलेक्झांडर कीलर यांच्यासह ‘वेसेक्स फ्रॉम दि एअर’ हा ग्रंथ काढला. दुसऱ्या महायुद्धांतील विमानचित्रांवरून जॉन ब्रॅडफर्ड यांनीं इटलीच्या अपुलिया प्रांतांत रोमन जमीनवांटणीचे चौरस ओळखले. एका पूर्ण चौरसाची बाजू सुमारें ७१० मीटर असते. इतकी नेमकी मोजणी दोन हजार वर्षें मातीखालीं राहूनही ओळखूं येते.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांतलें मर्म चटकन समजेल. युरोपांत चामड्याच्या पानावरील मजकूर खरवडून त्यावर दुसरा मजकूर लिहीत; पहिल्या अक्षरांचे ओरखडे तरीही राहत. इंग्लंडचे कायदे-इतिहासकार मेटलँड यांनीं १८९७ सालींच आपल्या देशाच्या नकाशास अशा पुनर्लिखित पानाची उपमा दिली होती, आणि क्रॉफर्ड यांनींही भूमीविषयीं तीच उपमा योजिली. पूर्णेच्या कांठचें शिवार असेंच वाचावयाचें आहे. वरचा लेख आजच्या गट नंबरांचा. त्याखालीं सर्व्हे नंबरांचा. आणि त्याच्याही खालीं बिघ्यांचा.

(५) विमानचित्रांत जुनी सीमा तीन प्रकारांनीं प्रगट होते. पहिली खूण सांवलीची. बांध अगदीं झिजला तरी सूर्य क्षितिजाजवळ असतांना त्याची बारीक सांवली पडते. पौष-माघांत सकाळच्या पहिल्या प्रहरीं ऊन लांब पडतें. तेव्हांचें चित्र दुपारच्या चित्रापेक्षां कितीतरी अधिक बोलतें. दुसरी खूण मातीची. बांधावर वर्षानुवर्षें हरळी वाढलेली, दगडगोटे टाकलेले, बोर-बाभळींचीं मुळें रुजलेलीं. तो मोडून नांगरला तरी त्या पट्ट्याचा रंग व पोत वेगळा राहतो. उन्हाळी नांगरट झाल्यावर व मृगाचा पहिला पाऊस पडून माती सुकूं लागल्यावर ही खूण उत्तम दिसते, कारण भिन्न माती भिन्न वेगानें वाळते. तिसरी खूण पिकाची. बुजलेल्या चराच्या जागीं ओल अधिक काळ टिकते व पीक उशिरां पिवळें पडतें. दगडी पायावर तें लवकर सुकतें. पूर्णेच्या भागांत यासाठीं रब्बी ज्वारीचें पीक सोयीचें आहे. ही ज्वारी मुख्यतः जमिनींत सांठलेल्या ओलीवर वाढते, म्हणून ओल कोठें कमी व कोठें अधिक हें तिच्या रंगावरून समजतें. कालव्याच्या पाण्यावरील ऊस सर्वत्र सारखाच हिरवा. त्यावरून कांहींच कळत नाहीं.

(६) इंग्लंडच्या खडूच्या जमिनीवरील नियम आमच्या काळ्या रानास जसेच्या तसे लागू पडत नाहींत, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. वरची माती भेगांत पडते, खालची वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला घुसळते. त्यामुळें बुजलेल्या उथळ चराची कड फार काळ स्वच्छ राहत नाहीं. नदीजवळच्या गाळपेर जमिनींत तर पुराचा गाळ जुन्या खुणांवर थर चढवितो. म्हणून येथें मातीखालच्या चरांपेक्षां मातीवरच्या बांधांवर, पांढरीच्या डागांवर आणि झाडांच्या रांगांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. सपाट रानांत एका ओळींत उभीं असलेलीं चार जुनीं बाभळीचीं किंवा लिंबाचीं झाडें ही मोडलेल्या धुऱ्याची पुष्कळदां शेवटची साक्ष असते.

पांढरीविषयींही एक सावधगिरी आहे. पांढरीची माती खतासारखी उपयोगी पडते म्हणून शेतकरी ती खणून शेतांत पसरीत आले आहेत. तिच्याबरोबर खापऱ्याही जातात. तेव्हां शेतांत खापरी सांपडली एवढ्यावरून तेथें वस्ती होती, असें अनुमान काढूं नये. वरून दिसणारा डाग आणि खालीं सांपडणारी खापरी यांचा मेळ बसल्यावरच तें करावें.

(७) चित्रें मिळवावीं कोठून? नवीं उपग्रहचित्रें घरबसल्या पाहतां येतात. भारतीय अवकाश संशोधन संस्थेचें ‘भुवन’ हें दालन २००९ पासून लोकांस खुलें आहे. परंतु आमच्या कामास नव्यापेक्षां जुनें चित्र अधिक मोलाचें. अमेरिकेच्या ‘कोरोना’ नांवाच्या टेहळणी-उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत पृथ्वीच्या मोठ्या भागाचीं छायाचित्रें घेतलीं. तीं आठ लाखांहून अधिक चित्रें १९९५ सालीं गुप्ततेंतून मुक्त झालीं. त्यांतल्या उत्तम चित्रांत सुमारें सहा फुटांपर्यंतची वस्तु ओळखूं येते. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें त्याच्या आधींच्या दशकांतलीं. म्हणजे कालव्यांनीं शिवाराची मांडणी बदलण्यापूर्वींचें किंवा बदलत असतांनाचें या मुलखाचें रूप अशा चित्रांत शोधतां येतें. ज्याप्रमाणें मूळ प्रत गहाळ झाल्यावर जुन्या नकलेस किंमत येते, त्याप्रमाणें बांध मोडल्यावर या चित्रांस किंमत आली आहे.

(८) आतां लिडारविषयीं. विमानांतून किंवा ड्रोनमधून लेसर किरणांचे सूक्ष्म ठोके दर सेकंदास लाखांच्या संख्येनें जमिनीवर सोडतात. ठोका आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांत ३० सेंटिमीटर जातो. जाणें-येणें मिळून अंतर मोजावयाचें असल्यानें तेवढ्या वेळांत १५ सेंटिमीटरांचें माप होतें. यावरून घड्याळ किती काटेकोर लागतें, हें ध्यानांत येईल. झाडावर पडलेल्या ठोक्याचा कांहीं भाग शेंड्यावरून, कांहीं फांद्यांवरून आणि उरलेला पानांच्या फटींतून जमिनीवर जाऊन परततो. शेवटीं परतलेले बिंदु निवडून झाडें गणितानें बाजूस काढलीं म्हणजे उघड्या जमिनीचा उंचसखलपणा मिळतो. त्यावर नकाशांत कृत्रिम ऊन पाडून सांवल्या पाहतात. हें ऊन एकाच दिशेनें पाडूं नये. ज्या दिशेनें ऊन येतें त्याच दिशेनें गेलेला बांध सांवली टाकीत नाहीं व दिसेनासा होतो. म्हणून निदान चार दिशांनीं ऊन फिरवून पाहावें.

मोडलेला बांध यांत कसा सांपडतो, हें एका हिशेबानें दाखवितों. बांध तळाशीं तीन हात रुंद व मध्यें एक हात उंच होता, असें समजा. तो मोडून त्याची माती दहा हात रुंदीवर पसरली, तर उरलेला उंचवटा सरासरीनें चारएक बोटांचा भरतो. शेतांत उभ्या माणसास तो दिसणार नाहीं. एका बिंदूच्या मापांतही याहून मोठी चूक असूं शकते. परंतु बांध शेंकडों हात लांब असतो, आणि त्यावर पडलेले हजारों बिंदु एकाच रेषेवर किंचित् उंच येतात. चुका एकमेकींस खाऊन टाकतात व रेषा उरते. नेदरलँड्समध्यें संपूर्ण देशाची अशी मोजणी झाली असून, वेलुवेच्या जंगलाखालीं लोहयुगांतील चौकोनी शेतांचीं जाळीं त्या मोजणींत स्पष्ट झालीं आहेत. मध्य अमेरिकेंत काराकोल या माया नगराभोंवतीं २००९ सालीं, आणि कंबोडियांत अंकोरच्या परिसरांत २०१२ सालीं, अशाच मोजणीनें अरण्याखालची पायऱ्यांची शेती, रस्ते व तळीं उजेडांत आलीं.

पूर्णेकडे अरण्य नाहीं. तेथें लिडारचा उपयोग नदीकांठच्या बाभूळबनांत, जुन्या गढ्यांच्या झाडोऱ्यांत व पडीक गायरानांत विशेष आहे. उघड्या शेतांसाठीं ड्रोननें एकावर एक येतील अशीं छायाचित्रें घेऊन त्यांवरूनही उंची काढतां येते, व तें काम स्वस्तांत होतें. रब्बीचीं पिकें निघून, पऱ्हाटी उपटून रान मोकळें झालेलें असतें, तो चैत्र-वैशाखाचा काळ यास योग्य. उभ्या उसांतून किंवा केळींतून जमिनीचा ठाव नीट लागत नाहीं. २०२१ सालीं नकाशे व भूमापन यांविषयींचे केंद्र सरकारचे निर्बंध सैल झाले, आणि त्याच वर्षीं ड्रोनचे नवे नियम आले. त्या नियमांस अनुसरून व शेतमालकाची संमति घेऊनच हें काम करावें. २०२० सालीं सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेंत खेड्यांची ड्रोननें मोजणी झाली, परंतु ती गांवठाणाची, म्हणजे पांढरीची; काळीची नव्हे.

(९) रेषा दिसल्या. त्यांचा काळ कसा ठरवावा? येथें अक्षरवळणापेक्षां छेदाचा नियम कामास येतो : जी रेषा दुसरीस तोडते ती नंतरची. पूर्णेस या नियमाची उत्तम सोय आहे. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास या भागांतून गेला, आणि पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारा फांटा १९१२ सालचा. रुळांच्या एका अंगास असलेला बांध जर त्याच दिशेनें, त्याच सरळींत दुसऱ्या अंगास पुढें चालू असेल, तर तो लोहमार्गापूर्वींचा समजण्यास सबळ कारण आहे. कालव्यानें तोडलेला बांध कालव्याच्या आधींचा. याच रीतीनें पांदण, ओढ्याचें जुनें पात्र व शीव यांच्याशीं तुलना करीत मागें जावें.

दुसरी कसोटी मापाची. इंग्रजी मुलखांत विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीनें झालेल्या मोजणींत सांखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. सांखळीचा चौरस म्हणजे गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर. हैदराबाद संस्थानच्या मराठी जिल्ह्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत त्याच धर्तीचें बंदोबस्ताचें काम झालें. त्या पद्धतींत लहान लहान शेतें एकत्र करून सर्व्हे नंबर पाडीत. म्हणून सर्व्हे नंबरची हद्द जुनी असेलच असें नाहीं. उलट, सर्व्हे नंबराच्या पोटांतून तिरपी जाणारी, नकाशांत नसलेली रेषा दिसली, तर ती आधींच्या व्यवस्थेची असण्याचा संभव मोठा. जुन्या मापांत काठी पांच हात पांच मुठींची. २० चौरस काठ्यांचें पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. बिघा म्हणजे वीस काठ्यांचा चौरस. तो सुमारें पाऊण एकर धरल्यास त्याची बाजू १८० फूट येते. समांतर रेषांमधील अंतरें वारंवार १८० फुटांच्या पटींत पडत असतील, तर ती गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परंतु काठी सर्वत्र सारखी नव्हती, हें विसरूं नये. पांचपंचवीस अंतरें मोजल्यावांचून निष्कर्ष काढणें धोक्याचें.

(१०) तोतयांपासून जपणेंही जरूर आहे. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतर मराठवाड्यांत दुष्काळी कामें व रोजगार हमी यांतून ठिकठिकाणीं समपातळी बांध घातले गेले. ते उतारास आडवे व वळणावळणाचे असतात आणि अनेक शेतांतून सलग जातात. मालकीशीं त्यांचा संबंध नसतो. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखालीं सर्व्हे नंबरांचे गट झाले; त्या वेळच्या हद्दी सरळ रेघेच्या असतात. पाण्याचे नळ पुरल्याच्या रेषा, नांगराच्या वळणावर सांचलेला मातीचा पट्टा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, हींही वरून बांधासारखीं दिसतात. चित्रांत दिसलेली रेषा एकदां तरी पायांनीं चालून पाहावी, व त्या शेताच्या वृद्ध मालकास विचारावें. पुष्कळदां महिनाभराचा संशय त्याच्या एका वाक्यानें फिटतो.

(११) इतकें सारें केल्यावरही हातीं राहतें ती निनांवी रेषा. येथून पुढचें काम कागदांचें, म्हणजे आमच्या वाचकांचें आहे. थळझाडा म्हणजे गांवच्या जमिनीची थळवार व कुळवार मांडणी. त्यांत मिरासदार कोण, गतकूळ जमीन कोणती, इनाम किती, हें लिहिलेलें असतें. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या जमीनधाऱ्यावर १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अशा कागदांचा उपयोग केला होता. जेथें थळाची पद्धत नाहीं, तेथें शेताचें चालू नांव तेंच काम करतें. अशीं नांवें बहुधा चार मुळांतून येतात : मातीवरून, जसें चोपण किंवा बरड, झाडापाण्यावरून, देवस्थानावरून, अथवा वतनावरून, जसें पासोडी किंवा हाडोळा. यांतलीं इनाम शेतें प्रथम शोधावीं. वतनी इनामाची जागा सहसा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीं, म्हणून तें शेत खुंट्यासारखें धरून त्याच्या चतुःसीमेंतील शेतें एकामागून एक बसवितां येतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, अशी सांखळी जुळत गेली कीं चित्रांतल्या रेषांस आपोआप नांवें पडूं लागतात.

या टापूचे कागद एका जागीं नाहींत. देशमुख-देशपांड्यांच्या घरांतील मोडी दप्तरें, फारसी सनदा, इनाम चौकशीचे कागद, भूमि-अभिलेख कचेरींतील जुने नकाशे व मोजणीचीं टिपणें, आणि हैदराबादच्या पुराभिलेखागारांतील मोगल व आसफजाही दप्तरें, असे ते विखुरलेले आहेत. मलिक अंबर (मृत्यु १६२६) याची व पुढें औरंगजेबाच्या सुभेदारींतील मुर्शिद कुली खान याची जमाबंदी दख्खनच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. परंतु ती धोरणें एका गांवच्या काळींत कशीं उतरलीं, हें ग्रंथांपेक्षां अशाच कागदांतून व अशाच बांधांतून कळावयाचें आहे.

(१२) आणि हें काम सवडीनें करण्याजोगें राहिलेलें नाहीं. पूर्वीं बांध मोडावयास कुदळी लागत व आठवडे जात. आतां यंत्रानें एका दिवसांत अनेक शेतांचें सपाटीकरण होतें. शेतकऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. वांटण्या होऊन शेतें लहान झालीं, आणि बांधाखालची हातभर जमीनही त्यास हवी आहे. दुसरीकडे वाड्यांच्या माळवदांवरील दप्तरें पावसानें, वाळवीनें व रद्दीच्या तराजूनें संपत आहेत. बांध गेला आणि कागद राहिला, तर कागदाचा अर्थ अर्धा होतो. कागद गेला आणि बांध राहिला, तर बांध मुका होतो. दोन्ही एकाच पिढींत जात आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच आहे. रुमाल विकत घेतांना तो कोणत्या गांवचा व कोणत्या घरचा, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गांवकीचे कागद सनदांपासून वेगळे काढून विकूं नयेत. ज्या कागदांत चतुःसीमा आहे, त्यांतलीं थळांचीं व शेतांचीं नांवें उतरून त्यांची यादी करावी, व कागदाचें छायाचित्र संस्थेकडे द्यावें. ज्यांचें गांव पूर्णेकडे आहे, त्यांनीं वडीलधाऱ्यांकडून शेतांचीं नांवें विचारून नकाशावर मांडावीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत गटाचा आंकडा असतो, पण शेतास घरोघर जीं नांवें आहेत तीं बहुधा तोंडींच राहिलीं आहेत. मात्र दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. आकाशांतून दिसलेली जुनी सीमा हा आजच्या मालकीचा पुरावा नव्हे. ती दाखवून भावाभावांचा मिटलेला तंटा उकरूं नये. आणि उठलेल्या गांवांच्या जागा छापतांना त्यांचा नेमका ठिकाणा देऊं नये, नाहींतर अभ्यासकाच्या आधीं गुप्तधन शोधणारे तेथें पोहोंचतात.

एका बेचिराख गांवचें जरी चित्र, नकाशा व थळांची यादी अशीं तीन्ही साधनें एकत्र बसलीं, तरी पूर्णेच्या कांठीं शेती कशी वांटली होती, कोणी कसली व कोणी सोडून दिली, याचें निदान एक पान नक्की वाचतां येईल. तें पान लिहिण्यास लागणारा एखादा कागद या अंकाच्या वाचकांपैकींच कोणाच्या तरी कपाटांत असेल, अशी आमची खात्री आहे.